गुत्त्याच्या दाराशी उभी राहिलेली बाई

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या कामगारवस्त्यांत एक दृश्य नेहमीचे होते. संध्याकाळ झाली, की घरातले पोर हातात भांडे घेऊन कोपऱ्यावरच्या गुत्त्यात बापाची बिअर आणायला निघे. वाटेत दोन घोट घेई. १९०१ मध्ये कायदा झाला आणि चौदा वर्षांखालच्या मुलांच्या हाती फक्त सीलबंद भांड्यातूनच दारू द्यावी, असे ठरले. पण चौदा ओलांडलेल्या मुलाने गुत्त्यात बसून बिअर मागितली, तर त्याला अडवणारे कुणी नव्हते. ही उणीव भरून काढली ती एका परदेशी बाईने. तिचे नाव नॅन्सी अ‍ॅस्टर.

नॅन्सीचा जन्म १९ मे १८७९ रोजी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात, डॅनव्हिल या गावी झाला. यादवी युद्धाने लँगहॉर्न घराण्याची धूळधाण केली होती. पुढे वडिलांनी रेल्वेच्या कंत्राटांतून पुन्हा पैसा मिळवला. घरात लक्ष्मी आली, पण भावांना दारूचे व्यसन लागले. अठराव्या वर्षी, १८९७ मध्ये, नॅन्सीचे लग्न बोस्टनच्या रॉबर्ट गोल्ड शॉ या श्रीमंत तरुणाशी झाले. तोही दारूच्या आहारी गेलेला. सहा वर्षांत, १९०३ मध्ये, घटस्फोट झाला. माहेरी दारू, सासरी दारू. पदरात लहानगा बॉबी घेऊन ती पुढे इंग्लंडला आली. १९०६ मध्ये तिने वॉल्डॉर्फ अ‍ॅस्टरशी विवाह केला. हा नवरा मात्र सज्जन आणि संयमी निघाला.

वॉल्डॉर्फ प्लिमथचे खासदार होते. १९१९ मध्ये वडील वारले, सरदारकी त्यांच्याकडे आली आणि त्यांना वरिष्ठ सभागृहात जावे लागले. रिकाम्या जागेवर नॅन्सी उभी राहिली आणि निवडून आली. १ डिसेंबर १९१९ रोजी तिने शपथ घेतली. ब्रिटिश लोकसभेत प्रत्यक्ष आसनावर बसलेली ती पहिली स्त्री. कित्येक पुरुष सभासदांना ते रुचले नव्हते. अशा वातावरणात २४ फेब्रुवारी १९२० रोजी बाई पहिल्या भाषणाला उभ्या राहिल्या, त्या दारूवरच्या निर्बंधांची बाजू घेऊन! ज्या हुजूर पक्षाच्या त्या सभासद, त्याच पक्षाला मद्यव्यापाऱ्यांचा मोठा आधार होता. १९२२ च्या निवडणुकीत त्याची किंमत त्यांनी मोजली. मद्यव्यापाऱ्यांच्या पाठबळावर एक बंडखोर त्यांच्याविरुद्ध उभा राहिला. तरीही बाई निवडून आल्या.

पुढच्याच वर्षी त्यांनी विधेयक आणले. मागणी माफक होती. संपूर्ण दारूबंदी त्यांनी मागितली नाही, फक्त मुलांपुरते बोलल्या. अठरा वर्षांखालील व्यक्तीला गुत्त्यात पिण्यासाठी दारू विकू नये, आणि जाणूनबुजून विकली तर परवानाधारक दोषी. सर फ्रेडरिक बॅनबरी हे सभासद लांबलचक बोलून विधेयक गारद करण्यात वाकबगार. त्यांनी उठून बोलू नये म्हणून बाईंनी त्यांच्या कोटाचा शेव धरून ठेवला, असे सांगतात. जुलै १९२३ मध्ये कायदा झाला. स्त्री खासदाराने स्वतः मांडून मंजूर करून घेतलेला तो पहिलाच कायदा. सोळा वर्षांवरील मुलांना जेवणाबरोबर बिअर घेण्याची सवलत त्यात राहिली. घरी न्यायच्या बाटल्याही या बंदीबाहेर राहिल्या. ती पळवाट पुढच्या कायद्यांनी बुजवली.

या बाईंना संत ठरवण्याचे कारण नाही. १९३० नंतर हिटलरशी जुळवून घेऊ पाहणाऱ्या वर्तुळाशी त्यांचे नाव जोडले गेले. ज्यूंविषयीची आणि कॅथलिकांविषयीची त्यांची मते आज वाचवत नाहीत. युद्धात मात्र बाँबवर्षावाने उद्ध्वस्त झालेल्या प्लिमथमध्ये त्या लोकांना धीर देत हिंडल्या. १९४५ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि २ मे १९६४ रोजी वारल्या. सर्वांत मोठे दुःख घरातच होते. ज्या बॉबीला घेऊन त्या दारूपासून दूर पळाल्या, त्यालाही व्यसन लागले आणि त्यापायी लष्करातली नोकरी सोडावी लागली. हजारो परक्या मुलांसाठी कायदा करणाऱ्या आईला आपला मुलगा वाचवता आला नाही.

म्हणून कायदा व्यर्थ ठरतो काय? तसे नाही. कायदा आईची जागा घेत नाही, पण आईची नजर जिथे पोहोचत नाही तिथे तो उभा राहू शकतो; अट एवढीच, की गल्ल्यावरच्या माणसाने त्याला उभे राहू द्यावे. आपल्या महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि कडक मद्यासाठी २५ वर्षांची अट आहे, म्हणजे इंग्लंडपेक्षा कडक. तरीही मे २०२४ मध्ये पुण्यात भरधाव मोटारीखाली दोन तरुण जीव गेले, आणि त्या मोटारीच्या सतरा वर्षांच्या चालकाला मद्य दिल्याच्या आरोपावरून बारवाल्यांवर गुन्हे दाखल झाले. वय विचारायला अर्धे मिनिट पुरते. ते अर्धे मिनिट दुकानदाराने द्यावे, आणि तो देत नसेल तर शेजारी उभ्या असलेल्या मोठ्या माणसाने त्याला हटकावे. नॅन्सीबाईंनी सभागृहात कोट धरला होता. आपल्याला तर नुसते तोंड उघडायचे आहे.