देवळालीचे गणितशिक्षक

मुंबईहून नाशिककडे जाणारी आगगाडी घाटकोपर, मुलुंड, ठाणे ही स्थानके मागे टाकून डोंबिवलीस येते आणि पुढे कसाऱ्याचा घाट चढून, इगतपुरीवरून देवळालीस पोचते. या लोहमार्गावरून रोज असंख्य माणसे ये-जा करीत असतात. परंतु यातील दोन स्थानकांची नावे गणितातील संख्यांना मिळालेली आहेत, हे त्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ती नावे देणारे गृहस्थ म्हणजे देवळालीच्या शाळेतील शिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. ते आठ वर्षांचे असतानाच त्यांची आई वारली. वडील पेशाने कारकून होते. पण त्यांना ज्योतिषाचा विलक्षण नाद होता. ज्योतिषाचे काम म्हणजे आकडेमोड आलीच. ते पाहत वाढलेल्या या मुलाला अंकांची गोडी लागली ती कायमची. ठाणे येथे शालेय शिक्षण पुरे करून ते पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. तेथे १९२७ साली, गणितातील स्वतंत्र लेखनाबद्दल दिले जाणारे रँग्लर परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. ही पदवी घेऊन पुढच्याच वर्षी ते देवळालीस शिक्षक झाले आणि १९६२ साली निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. याहून मोठी पदवी त्यांच्यापाशी नव्हती.

दिवसभर मुलांना शिकवावे आणि उरलेला वेळ संख्यांच्या सहवासात घालवावा, असा त्यांचा क्रम असे. मद्यप्याला जशी मद्याची, तशी आपल्याला अंकांची आसक्ती आहे, असे ते स्वतःच कबूल करीत. या आसक्तीतून जे हाती आले, त्यातील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे ६१७४ ही संख्या. १९४९ साली मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी तिचा गुणधर्म जाहीर केला. तो समजण्यास वजाबाकीपलीकडे काही यावे लागत नाही.

चारही अंक सारखे नाहीत अशी कोणतीही चार अंकी संख्या घ्या. कापरेकरांचे जन्मवर्षच घेऊ : १९०५. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ९५१० होतात, चढत्या क्रमाने मांडले की ०१५९. पहिल्यातून दुसरी संख्या वजा करा, ९३५१ उरतात. या संख्येवर तीच कृती करा. पुढे अनुक्रमे ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सातव्या वजाबाकीला ६१७४ येतात. आता ७६४१ मधून १४६७ वजा केले तर पुन्हा ६१७४ च! आरंभ कोठूनही करा, फार तर सात पावलांत याच मुक्कामी यावे लागते. मध्येच वजाबाकी तीन अंकी आली, तर तिच्या आधी शून्य मांडण्यास मात्र विसरू नये.

हे सर्व कागदावर चालले होते. खिशात मावणारा कॅल्क्युलेटर बाजारात आला तो १९७० च्या सुमारास. तोपर्यंत कापरेकर निवृत्तही झाले होते. आज त्या यंत्रावर सातही वजाबाक्या चुटकीसरशी होतात. अंक क्रमाने लावण्याचे काम मात्र साधा कॅल्क्युलेटर करीत नाही. ते आपणच करावयाचे असते. चार अंकी संख्या सुमारे नऊ हजार. त्या सगळ्या तपासू गेल्यास यंत्र हाती असूनही माणूस थकेल. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट येते : १९०५, ५०९१, ९५१० यांचे अंक एकच, म्हणून उत्तरही एकच. आणखी निरखून पाहिले, तर पहिली वजाबाकी दोनच गोष्टींवर अवलंबून असते : सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान अंकांतील अंतर, आणि मधल्या दोन अंकांतील अंतर. अशा जोड्या अवघ्या ५४ भरतात. नऊ हजारांचे काम ५४ वर आले! दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर कॅल्क्युलेटर वापरू नये अशी सूचना असते. पुष्कळ विद्यार्थ्यांना ती जाचक वाटते. मला विचाराल, तर मोठमोठे गुणाकार करावयास यंत्र खुशाल द्यावे. पण हे ५४ शोधण्याचा आनंद मुलाच्या हातून काढून घेऊ नये.

डोंबिवली स्थानकाचे त्या काळचे नाव डेमलो असे होते. तेथे असताना कापरेकरांना काही संख्यांविषयी कल्पना सुचली, म्हणून त्यांनी त्यांना डेमलो संख्या म्हटले. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१, ११११ चा १२३४३२१. पाच एककांचा वर्ग नऊ अंकी होतो. आठ अंकी कॅल्क्युलेटरच्या पाटीवर तो मावतच नाही. कागदावर गुणाकार मांडला, की एकेका घराने सरकलेल्या एककांच्या ओळी दिसतात आणि हा चढ-उतार का होतो, तेही उमगते. नऊ एककांपर्यंत तो टिकतो. दहा एकक घेतले की मधल्या उभ्या रकान्यात दहा भरतात, हातचा पुढे जातो आणि रांग मोडते. १२३४५६७९००९८७६५४३२१ असे उत्तर येते.

आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, ती हर्षद संख्या; उदाहरणार्थ, १२. २१ मध्ये तिचे अंक मिळविले की २४ होतात; म्हणून २१ ही २४ ची जनक. २० ला असा जनकच नाही. अशा स्वयंभू संख्यांना त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले. ४५ चा वर्ग २०२५, आणि २० व २५ मिळून पुन्हा ४५. या जातीच्या संख्यांना आज कापरेकर संख्या म्हणतात.

एवढे असूनही आपल्याकडील अनेक विद्वानांनी या कामाकडे पोरखेळ म्हणून पाहिले. कापरेकर आपली टिपणे पुस्तिकारूपाने स्वतः प्रसिद्ध करीत आणि गणिताच्या परिषदांना आवर्जून जात. शाळाशाळांतून त्यांना बोलावणी येत, तेव्हा मुलांपुढे ते खुलून बोलत. १९६६ साली त्यांच्या पत्नीचे निधन झाले. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून त्यांनी उतारवयात गणित व विज्ञानाच्या शिकवण्या धरल्या. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकाने सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले, आणि सत्तरी गाठलेल्या या शिक्षकाचे नाव जगभर पोचले. ६१७४ ला तर कापरेकर स्थिरांक हेच नाव रूढ झाले. १९८६ साली देवळाली येथे ते निवर्तले.