स्वयंपाकघरातला फुगा

मामंजींची अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसला आणि घरात गोळ्यांचा डबा आला. दोन महिन्यांनी कळलं, पित्त होतं म्हणून त्यांनी रक्त पातळ ठेवणारी गोळी परस्पर बंद केली होती! सकाळीच डॉक्टरांना फोन केला. गोळी पुन्हा सुरू झाली, पित्तासाठी वेगळं औषध मिळालं. पण रात्रभर झोप नव्हती, तेव्हा हा फुग्याचा उद्योग काढला कुणी, ते मी वाचत बसले होते.

आंद्रेआस ग्रुंट्झिग हा १९३९ सालचा, जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा. वडील महायुद्धात गेले, आईने दोन मुलगे वाढवले. हायडेलबर्गला डॉक्टर होऊन तो झुरिकला आला. अमेरिकेच्या चार्ल्स डॉटरने १९६४ मध्ये पायाची चोंदलेली रक्तवाहिनी आतून नळी घालून मोकळी केली होती. ग्रुंट्झिगच्या मनात आलं, त्या नळीला फुगा लावला तर? दिवसा नोकरी, रात्री घरच्या स्वयंपाकघरातलं टेबल. सोबत पत्नी मिकाएला, सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा. ब्लेड, गोंद, दोरा आणि प्लॅस्टिकची नळी. फुगा ठरलेल्या मापापुढे फुगता कामा नये, नाहीतर रक्तवाहिनीच फाटायची! १९७४ मध्ये पायात जमलं. १६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये ३८ वर्षांच्या, जाग्या असलेल्या रुग्णाच्या हृदयाच्या धमनीत तो फुगा फुगला.

आता गोळीचं बघा. डेंग्यूत प्लेटलेट्स कमी झाल्या की आपला जीव खालीवर होतो. इथे भीती उलटी. फुग्याने धमनीचं आतलं अस्तर दुखावतं. प्लेटलेट्सना वाटतं जखम झाली. त्या काटे काढतात, चिकट होतात, एकमेकींना बिलगतात आणि गुठळी होते. म्हणूनच ग्रुंट्झिग सुरुवातीपासून अॅस्पिरिन आणि हेपॅरिन देत असे. पुढे १९९० च्या दशकात संशोधकांनी फुग्याच्या आधी आणि नंतर रक्त काढलं, चमकणारा रंग लावून प्लेटलेट्स मोजल्या. जाग्या झालेल्या प्लेटलेटच्या अंगावर एक प्रथिन उगवतं, त्याला तो रंग चिकटतो. स्टेंट तर धमनीत कायमचा राहतो, त्याच्यावर अस्तर चढेपर्यंत गोळी चुकवायची नाही ती यासाठीच.

या माणसाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो फसलेल्या केसेसही सगळ्यांसमोर मांडायचा. १९८० मध्ये तो अटलांटाला एमरी विद्यापीठात गेला. २७ ऑक्टोबर १९८५ ला खराब हवेत स्वतःचं छोटं विमान चालवताना जॉर्जियात अपघात झाला. सोबत दुसरी पत्नीही गेली. वय अवघं ४६.

त्या पहिल्या रुग्णाची धमनी २००० साली तपासली, तेव्हाही उघडी होती.