संत गोन्सालो गार्सिया : नकारानंतरची कृतज्ञता



आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना आम्ही भेटी देतो, तेव्हा बहुतेक घरांत न मिळालेल्या एखाद्या गोष्टीचे दुःख ऐकू येते. वाळूजच्या कारखान्यात वर्षानुवर्षे कंत्राटावर राबणाऱ्याला अजून कायम केलेले नसते, मुलीला हव्या त्या कॉलेजात प्रवेश मिळालेला नसतो, जुळत आलेले लग्न मोडलेले असते. अशा घरात बसून देवाचे आभार मानायला सांगणे सोपे नाही. म्हणून आज आम्ही महाराष्ट्राच्याच मातीत जन्मलेल्या एका संताचे चरित्र आपल्यापुढे ठेवीत आहोत. त्यांनाही मनापासून मागितलेली गोष्ट मिळाली नव्हती.

गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसई येथे झाला. त्यांचे वडील पोर्तुगीज व आई इथलीच होती. वसईच्या किल्ल्यात येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले. वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते या धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून सेवा केली. आपणही येशूसंघात दाखल व्हावे, ही त्यांची मोठी इच्छा होती. परंतु संघाने त्यांना प्रवेश दिला नाही.

निराश झालेले गोन्सालो व्यापाराकडे वळले. पूर्वेकडील बंदरांत त्यांचा चांगला जम बसला, हाती पैसा आला. जगाच्या दृष्टीने त्यांचे सारे ठीक चालले होते, तरी अंतःकरण तृप्त नव्हते. येथे एक फरक आपण ध्यानात घ्यावा. इच्छा पूर्ण झाल्याने सुख मिळते, पण ते पुढची इच्छा जागी होईपर्यंतच टिकते. आपले जीवन देवाकडून आलेले दान आहे, हे उमजले की समाधान येते. गोन्सालोंपाशी सुख होते, समाधान नव्हते.

पुढे फिलिपाईन्समधील मनिला येथे त्यांचा फ्रान्सिस्कन बंधूंशी परिचय झाला. व्यापार सोडून ते त्या संघात साधे धर्मबंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरुपद नाही, मानमरातब नाही. मात्र आता त्यांची सेवा आनंदाची झाली. १५९३ साली संत पेद्रो बाप्तिस्ता यांच्याबरोबर दुभाषी म्हणून ते पुन्हा जपानला गेले. पूर्वी ज्या वर्षांच्या शेवटी नकार पदरी पडला होता, त्याच वर्षांत शिकलेली भाषा आता देवाच्या कामी आली. क्योटो येथे या बंधूंनी कुष्ठरोग्यांची सेवा केली.

१५९६ च्या अखेरीस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकुमावरून त्यांना अटक झाली. कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापून त्यांची धिंड काढण्यात आली आणि ऐन हिवाळ्यात शेकडो किलोमीटरचा प्रवास करवून त्यांना नागासाकीला नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी ठार मारण्यात आले. मरताना ते देवाची स्तुतिगीते गात होते. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, सतरा जपानी प्रापंचिक आणि पौल मिकी यांच्यासह तीन येशूसंघीय होते. ज्या संघाचे दार गोन्सालोंसाठी उघडले नव्हते, त्याच संघाचे बंधू त्या दिवशी त्यांच्याच रांगेत क्रुसावर होते. मनात कडवटपणा घेऊन जगणाऱ्याला असे गाता आले नसते.

८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या हुतात्म्यांना संत म्हणून घोषित केले. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून गोन्सालो यांचा गौरव होतो. वसईतील गास येथील चर्चला त्यांचेच नाव आहे, आणि दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा या हुतात्म्यांचे स्मरण करते.

बंधुभगिनींनो, दुःखाला सुख म्हणा असे आमचे सांगणे नाही. नकार हा नकारच असतो, आणि हक्काच्या गोष्टीसाठी झगडणेही योग्यच आहे. पण हवे ते मिळाल्यावरच आभार मानायचे असे ठरवले, तर आयुष्यभर आभार पुढेच ढकलले जातील. प्रभू येशूने आपल्या अटकेच्या रात्रीच भाकर हाती घेऊन पित्याचे आभार मानले. म्हणूनच मिस्साबलिदानाला ख्रिस्तसभा आभारप्रदर्शन मानते. या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या प्रार्थनेत आपली मागणी मांडण्यापूर्वी त्या दिवसाच्या एका दानाबद्दल, त्याचे नाव घेऊन, देवाचे आभार मानावेत.

संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीने आपल्या सर्वांना समाधानी व कृतज्ञ अंतःकरण लाभो, हीच प्रभुचरणी प्रार्थना.

आपले धर्मगुरू