रेव्हरंड टिळक : मार्गाची निवड आणि मार्गावरील निष्ठा

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या चरित्राची मांडणी करताना १० फेब्रुवारी १८९५ या दिवशी मुंबईत झालेला त्यांचा बाप्तिस्मा हाच मध्यबिंदू धरण्याचा प्रघात आहे. तो सोयीचा असला तरी पुरेसा नाही. मार्ग निवडणे ही एका दिवसाची घटना असते. त्या मार्गावर टिकणे हा टिळकांच्या बाबतीत पुढील चोवीस वर्षांचा प्रश्न होता, आणि त्याची सर्वांत कठीण कसोटी बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी लागली.

टिळकांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा, चित्पावन ब्राह्मण कुटुंबातला. आई लवकर गेली. वडिलांशी त्यांचे कधी जमले नाही. नाशिकला संस्कृतचे अध्ययन, १८८० मध्ये विवाह, त्यानंतर नोकऱ्यांमागून नोकऱ्या आणि गावांमागून गावे, असा त्यांचा क्रम होता. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांची पकड घेतली. धर्मसुधारणेचा विचार त्यांच्या मनात आधीपासूनच घोळत होता, हे ध्यानात घेतल्यास या प्रसंगातील योगायोगाचा भाग बराच कमी होतो.

या निवडीची किंमत टिळकांइतकीच, किंबहुना अधिक, लक्ष्मीबाईंनी मोजली. बाप्तिस्म्यानंतर सुमारे पाच वर्षे पतिपत्नी दुरावलेली होती. पुढे त्या टिळकांकडे आल्या व १९०० साली स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’तील विनोदाची वाखाणणी करणाऱ्या समीक्षेने त्या विनोदाखालचे दुःख मात्र पुरेसे तपासलेले नाही.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनच्या सेवेत टिळकांनी अध्यापन केले. १९०४ मध्ये त्यांना दीक्षा मिळाली. १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले. बालकवींसारखा तरुण कवी त्यांच्या घरात राहिला. तथापि एक शल्य त्यांना सतत जाणवत असे: ख्रिस्ती झालेला मनुष्य आपल्या समाजाला व भाषेला परका का व्हावा? ज्ञानेश्वर-तुकारामांच्या भक्तिमार्गानेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, अशी त्यांची धारणा होती. ओवी, अभंग व कीर्तन यांचा त्यांनी उपासनेसाठी केलेला स्वीकार हा प्रचाराचा डावपेच नव्हता. त्यांच्या श्रद्धेची ती मातृभाषाच होती.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी व वेतन सोडले. ख्रिस्तावरील श्रद्धा ढळली म्हणून नव्हे, तर ती पगाराशी बांधलेली राहू नये म्हणून. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते. ही भूमिका मिशनऱ्यांना आणि देशी मंडळीतील अनेकांना रुचणे कठीणच होते. १८९५ मध्ये त्यांनी जात सोडली होती. या वेळी उतारवयात आणि खालावलेल्या प्रकृतीत स्वीकृत संस्थेचा आधार सोडला. दोन्ही त्यागांमागील प्रेरणा एकच होती, हे न पाहता दुसऱ्याला लहरीपणा ठरवणारे त्यांच्या कवितेचाही उत्तरार्ध चुकीचा वाचतात.

‘दरबारा’ला मात्र दोन वर्षांचेही आयुष्य लाभले नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाचे दहन करण्यात आले. १९०९ मध्ये हाती घेतलेल्या ‘ख्रिस्तायना’चे सुमारे दहाच अध्याय तोवर लिहून झाले होते. पुढील बहुतेक सर्व अध्याय, कोणे एके काळी त्या मार्गापासून दूर राहिलेल्या लक्ष्मीबाईंनी रचले.