तिकिटाचा वर्ग आणि जन्माची जात

आगबोटींच्या जमान्यात समुद्रावर माणसाचा दर्जा तिकिटावरून ठरत असे. वरच्या मजल्यांवर पहिला वर्ग, तर खाली तळाशी, एकावर एक बसवलेल्या अरुंद फळ्यांवर झोपणारा तिसरा वर्ग. १९१२ साली टायटॅनिक बुडाली, तेव्हा पहिल्या वर्गातले निम्म्याहून अधिक प्रवासी वाचले. तिसऱ्या वर्गातला जेमतेम चौथा हिस्सा वाचला. मरणानेही जणू तिकीट पाहिले!

पुढच्याच वर्षी, जुलै १९१३ मध्ये, सुभेदार रामजींचे सुपुत्र भीमराव बडोदा सरकारच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्क बंदरात उतरले. शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी, असा करार त्यांनी केला होता. त्या काळी या बंदरात पहिल्या-दुसऱ्या वर्गाची तपासणी बोटीवरच उरकत असे. तिसऱ्या वर्गाला मात्र एलिस बेटावर नेऊन रांगेत उभे करीत. ही विषमताच होती. परंतु त्या रांगेतला मजूर उद्या चार पैसे गाठीला बांधून वरच्या वर्गाचे तिकीट काढू शकत होता. जातीचे तिकीट बदलून मिळते काय? ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवून दिले की, जात म्हणजे दारे बंद करून घेतलेला वर्ग होय.

त्याचा दाहक अनुभव पुढच्याच वर्षी आला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून ते ऑगस्ट १९१७ मध्ये परतले. महायुद्धात त्यांच्या ग्रंथांची बोट पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. सामानाच्या नुकसानभरपाईच्या पैशांतून त्यांनी बडोद्याचा प्रवासखर्च भागवला. पण कोलंबियाच्या या पदवीधराला त्या शहरात भाडे मोजूनही खोली मिळेना! ओळख लपवून पारशी विश्रामगृहात राहावे लागले. तिथेही लाठ्या घेतलेला जमाव आला. कचेरीत शिपाई दुरूनच कागद फेकत. अखेर त्यांना बडोदा सोडावे लागले.

ते खचले नाहीत. प्राध्यापकीतली बचत, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज यांच्या बळावर १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन परतले. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. या सभेने ४ जानेवारी १९२५ रोजी आमच्या सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. ज्यांना बडोद्यात छप्पर नाकारले, त्यांनी खेड्यापाड्यातल्या मुलांना छप्पर दिले, हा इतिहास सोलापूरकरांनी विसरता कामा नये.

आज नवी पेठेत पैसे मोजले की कोणतीही वस्तू मिळते. कोणी आडनाव विचारत नाही. मात्र शिकायला आलेला आमचा मुलगा खोली शोधू लागला की आधी आडनाव, मग भाडे! अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत राहण्यास अटकाव करणे हा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ च्या कलम ४ नुसार गुन्हा आहे. संविधानाचे कलम १७ त्याच्या पाठीशी उभे आहे.

समाजबांधवांनो, १९१७ साली बाबासाहेबांच्या हाती असा कायदा नव्हता, म्हणून त्यांना ओळख लपवावी लागली. आपल्या मुलांना आडनाव लपवायला शिकवू नका; त्यांच्यासोबत पोलीस ठाण्यापर्यंत चला. आम्ही वकील मंडळी सोबत आहोत.

जयभीम!