चिलट आणि तलवार

मुलांनो, मधल्या सुट्टीत तुम्ही किती गोष्टींची तुलना करता! कोणता फलंदाज मोठा, कोणती मोटार वेगवान, यावर तुमचे वाद रंगतात. लढाऊ विमानांविषयीही असेच वाद होतात. कोणाचे विमान मोठे, कोणाचा वेग अधिक, कोणाकडे क्षेपणास्त्रे आहेत, अशी यादी केली जाते आणि निकालही लगेच दिला जातो. आज आपण अशा एका वैमानिकाची ओळख करून घेऊ, ज्यांचे मोठेपण कोणत्याही यादीत मावले नसते. त्यांचे नाव निर्मलजितसिंग सेखों.

पंजाबातील लुधियाना जिल्ह्यात इसेवाल नावाचे एक गाव आहे. हे निर्मलजितसिंगांचे गाव. त्यांचे वडील त्रिलोकसिंग हवाई दलात नोकरीला होते. हलवाऱ्याचा हवाई तळही गावापासून फार लांब नव्हता. त्यामुळे विमान ही त्या घराला परकी वस्तू नव्हती. मुलाने वडिलांचीच वाट धरली. ४ जून १९६७ रोजी ते हवाई दलात अधिकारी झाले. पुढे १८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये ते नॅट जातीचे विमान चालवू लागले.

आता या विमानाची थोडी माहिती घेऊ. नॅट म्हणजे चिलट. नाव अगदी शोभणारे होते. त्याची लांबी सुमारे नऊ मीटर आणि पंखांचा विस्तार सात मीटरांहूनही कमी होता. इंग्लंडमध्ये त्याचा आराखडा तयार झाला आणि बंगळूरच्या कारखान्यात भारताने ही विमाने बांधली. त्याच्यावर ३० मिलिमीटरच्या दोन तोफा असत. क्षेपणास्त्र मात्र नसे.

समोर पाकिस्तानच्या हवाई दलाकडे अमेरिकन बनावटीची सेबर विमाने होती. सेबर म्हणजे घोडेस्वाराची बाकदार तलवार. हे विमान नॅटपेक्षा बरेच मोठे होते. त्याच्यावर सहा मशीनगन असत. काही सेबर विमानांना साइडवाइंडर क्षेपणास्त्रेही लावता येत. हे क्षेपणास्त्र शत्रूच्या इंजिनाच्या उष्णतेचा माग काढत त्याच्यामागे धावते. त्या काळी ते बहुधा पाठीमागूनच सोडावे लागे.

मग चिलटाजवळ काय होते? ते लहान असल्यामुळे शत्रूला चटकन दिसत नसे. ते वेगाने उंच चढे आणि झटकन वळे. पण त्याच्यात उणिवाही होत्या. कधी ऐन वेळी तोफा अडकत, तर कधी नियंत्रणाची यंत्रणा दगा देई.

मुलांनो, यादी तर झाली. तुम्ही कोणाच्या बाजूने कौल द्याल? जरा थांबा. आता श्रीनगरला चला.

१९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमाने ठेवली जात नव्हती. डिसेंबर १९७१ मध्ये युद्ध पेटले, तेव्हा नॅट विमाने तेथे आली. हा तळ समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांहून अधिक उंचीवर आहे. तेथील हवा विरळ आहे. सभोवती डोंगर आणि त्यात काश्मीरचा कडाक्याचा हिवाळा! सेखोंना या प्रदेशाची सवय नव्हती. तरीही ते आणि त्यांचे साथीदार रोज पहारा देत होते.

१४ डिसेंबर १९७१ ची सकाळ उजाडली. पाकिस्तानची सहा सेबर विमाने श्रीनगरच्या तळावर चालून आली. दोन नॅट उड्डाणासाठी सज्ज होती. पहिले नॅट उडाले. त्याच्यामागे सेखोंचे नॅट होते. तेवढ्यात धावपट्टीवर बॉम्ब पडू लागले.

या क्षणाचा नीट विचार करा. आकाशात चढणारे विमान सुरुवातीला संथ असते. त्याला वळता येत नाही, लपता येत नाही. अशा वेळी उड्डाण करणे म्हणजे मरणाच्या तोंडात जाणे. सेखों खाली उतरून आडोशाला गेले असते, तरी त्यांना कोणी दोष दिला नसता. पण धावपट्टीवर उभे असलेले विमान म्हणजे नुसता पत्रा. ते कितीही चांगले असले, तरी कोणाचे रक्षण करू शकत नाही. सेखोंनी विमान पुढे दामटले आणि बॉम्ब फुटत असतानाच ते आकाशात झेपावले.

धूळ आणि धुके यांमुळे पुढच्या नॅटची आणि त्यांची ताटातूट झाली. सेखों एकटे पडले. त्यांनी दोन सेबर विमानांचा पाठलाग केला. एकावर त्यांच्या तोफेचा मारा बसला आणि दुसरे पेटले, अशी नोंद त्यांच्या मानपत्रात आहे. मग उरलेली विमाने धावून आली. आता एकास चार असा सामना सुरू झाला. झाडांच्या उंचीवर ही झुंज चालली होती. अखेर सेखोंच्या विमानावर गोळ्या लागल्या. त्यांनी शेवटच्या क्षणी बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, पण जमीन फार जवळ होती. विमान एका घळीत कोसळले. त्याचे अवशेष मिळाले, परंतु सेखोंचा देह पुष्कळ शोधूनही सापडला नाही. त्यांनी वयाची तिशीही गाठली नव्हती. त्यांचे लग्न होऊन थोडेच महिने झाले होते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १६ डिसेंबरला ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली.

भारत सरकारने सेखोंना मरणोत्तर परमवीर चक्र दिले. हवाई दलाला मिळालेले हे आजवरचे एकमेव परमवीर चक्र आहे. २०२३ साली अंदमान-निकोबारमधील एका बेटाला त्यांचे नाव देण्यात आले. त्यांचे विमान पाडणाऱ्या पाकिस्तानी वैमानिकानेही पुढे एका लेखात त्यांच्या झुंजीची प्रशंसा केली. शत्रूनेही मान द्यावा, याहून मोठे प्रमाणपत्र कोणते?

मुलांनो, विमानांची तुलना तुम्ही अवश्य करा. त्यातून विज्ञान समजते. पण यादीत वेग येतो, वजन येते, तोफांची संख्या येते. बॉम्ब पडत असताना पुढे जाण्याचा निर्णय त्या यादीत येत नाही. तो माणसाला स्वतः घ्यावा लागतो. सेखोंनी तो घेतला, म्हणून आज आपण त्यांची आठवण काढतो.