डॉ. कमला सोहोनी : प्रयोगशाळेचे दार आणि गुरूचा हात

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला जुने बंगळूरकर आजही टाटा इन्स्टिट्यूट याच नावाने ओळखतात. शहराच्या पूर्व टोकाला, के. आर. पुरम आणि व्हाइटफील्डच्या परिसरात नोकरी-व्यवसायानिमित्त स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांतील एखादी मुलगी आज मेट्रोने मॅजेस्टिकला येते, तेथे गाडी बदलते आणि यशवंतपूरच्या दिशेने या संस्थेच्या परिसरात पोहोचते. प्रयोगशाळेत काम करणारी मुलगी हे आता तेथील नित्याचे दृश्य आहे. १९३३ साली मात्र तसे नव्हते. त्या वर्षी एक मराठी तरुणी या संस्थेच्या दाराशी उभी राहिली आणि तिला परत जाण्यास सांगण्यात आले. ती परत गेली नाही. पुढे डॉ. कमला सोहोनी या नावाने ख्यातनाम झालेल्या या शास्त्रज्ञेचे चरित्र म्हणजे जिद्दीची कथा तर आहेच. पण योग्य मार्गदर्शक लाभला तर एका जीवनाचे काय होऊ शकते, याचीही ती कथा आहे.

कमलाबाईंचा जन्म १९११ साली इंदूर येथे भागवत कुटुंबात झाला. वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघांनीही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्येच अध्ययन केले होते. जमशेटजी टाटांच्या दानातून आणि म्हैसूर संस्थानच्या औदार्यातून १९०९ साली स्थापन झालेली ही संस्था भागवतांच्या घरात परिचयाची आणि आदराची होती. थोरली बहीण दुर्गाबाई लोकसाहित्याच्या आणि ललित लेखनाच्या वाटेने गेली व मराठी साहित्यात अढळ स्थान मिळवून गेली. धाकट्या कमलेने वडिलांची आणि काकांची वाट निवडली. मुलगी म्हणून तिच्या शिक्षणाला घरातून कधी आडकाठी झाली नाही. त्या काळी ही गोष्ट लहान नव्हती.

१९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी रसायनशास्त्र हा मुख्य आणि भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय घेऊन कमलाबाईंनी प्रथम क्रमांकाने मिळवली. ज्या संस्थेत वडील आणि काका शिकले तेथे संशोधनासाठी जावे, हे त्यांना अगदी स्वाभाविक वाटले. गुणवत्ता यादीत अग्रस्थानी असलेल्या विद्यार्थ्याला नकार मिळण्याचे कारणच नव्हते. तरीही नकार आला. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे आले होते. १९३० चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या या थोर भौतिकशास्त्रज्ञाच्या मते संशोधन हे स्त्रियांना झेपणारे काम नव्हते.

कमलाबाई वडील आणि काकांसह बंगळूरला आल्या. विनंत्या झाल्या, त्या निष्फळ ठरल्या. तेव्हा गांधीजींच्या विचारांनी भारलेल्या या तरुणीने सत्याग्रहाचा मार्ग पत्करला आणि संचालकांच्या कार्यालयासमोर ठाण मांडले. स्त्री असणे हे अपात्रतेचे कारण कसे होऊ शकते, एवढाच त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला शास्त्रीय उत्तर नव्हते. अखेर रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिले वर्ष परीक्षेचे राहील. कामाच्या दर्जाविषयी संचालकांची खात्री पटल्यावरच त्याला मान्यता मिळेल. आणि त्यांच्या उपस्थितीमुळे पुरुष संशोधकांचे चित्त विचलित होता कामा नये. वर्षभराचे श्रम मातीमोल होण्याचा धोका समोर दिसत होता, आणि शेवटची अट तर अपमानास्पद होती. हा सल कमलाबाईंनी अखेरपर्यंत बाळगला. उतारवयातही त्या तो जाहीरपणे बोलून दाखवीत. परंतु त्या वेळी त्यांनी अटी मान्य केल्या. कारण प्रयोगशाळेत पाऊल ठेवल्याखेरीज काहीच सिद्ध करता येणार नव्हते.

दार उघडले ते त्यांच्या निर्धाराने. पण दाराच्या आत त्यांना शास्त्रज्ञ म्हणून घडवले ते श्री. श्रीनिवासय्या या गुरूंनी. संस्थेत जीवरसायनशास्त्राचे काम करणारे श्रीनिवासय्या शिस्तीचे अत्यंत कडक होते. त्यांनी या विद्यार्थिनीला कोणतीही सवलत दिली नाही आणि कोणताही अविश्वासही दाखवला नाही. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत काम करण्याची तयारी असेल तरच शिकवीन, अशी त्यांची अपेक्षा होती, आणि ती पुरी झाली. त्यांनी तिला विषयातील जुने-नवे मूलभूत शोधनिबंध मुळातून वाचायला लावले आणि संशोधनासाठी स्वतंत्र विषय दिला. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा हा अभ्यास होता. ज्या देशात कोट्यवधी माणसांची प्रथिनांची गरज मुख्यतः डाळी-कडधान्येच भागवतात, तेथे या प्रश्नाचे मोल केवळ पुस्तकी नव्हते. कमलाबाईंच्या पुढील आयुष्यभराच्या संशोधनाचे बीज याच काळात पडले.

वर्ष सरले आणि रामन यांचे समाधान झाले. कमलाबाईंना नियमित संशोधनाची परवानगी मिळालीच, शिवाय त्यानंतर संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. एका विद्यार्थिनीच्या वर्षभराच्या कामाने संस्थेचा रिवाज बदलला. १९४० साली याच संस्थेत, खुद्द रामन यांच्या प्रयोगशाळेत, ॲना मणी यांनी हिरे आणि माणकांच्या वर्णपटांचा अभ्यास सुरू केला. पुढे पुण्याच्या हवामान खात्यात वेधयंत्रांच्या निर्मितीचे त्यांनी केलेले काम सर्वश्रुत आहे. आपल्या मताविरुद्धचा पुरावा समोर आल्यावर रामन यांनी तो स्वीकारला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

१९३६ साली कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली आणि शिष्यवृत्ती घेऊन त्या इंग्लंडला केंब्रिज येथे गेल्या. तेथील जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते जीवनसत्त्वांवरील कार्यासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे सर फ्रेडरिक हॉपकिन्स. स्त्री संशोधकांना मोकळेपणाने स्थान देणारी प्रयोगशाळा असा तिचा लौकिक होता. रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळवणाऱ्या पहिल्या दोन स्त्रियांपैकी एक, मार्जोरी स्टीफन्सन, याच प्रयोगशाळेतल्या. केंब्रिज विद्यापीठाने मात्र स्त्रियांना पूर्ण पदवीचा अधिकार १९४८ पर्यंत दिला नव्हता. म्हणजे भेदभावाची भिंत केवळ बंगळूरलाच होती असे नाही. तिच्यात दार करणारी माणसे काही ठिकाणी होती, इतकेच.

प्रयोगशाळेत जागेची अडचण होती. डॉ. डेरेक रिश्टर यांनी आपले कामाचे मेज कमलाबाईंना दिवसा वापरू दिले. रिश्टर दुसरीकडे गेल्यावर डॉ. रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी वनस्पतींच्या पेशींवर काम केले. बटाट्यावरील प्रयोगांतून, सायटोक्रोम सी हा पेशींच्या श्वसनात भाग घेणारा घटक वनस्पतींच्या पेशींतही असतो, हे त्यांनी दाखवले. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या जीवनक्रियांमधील साम्य उलगडणारा हा शोध होता. जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध लिहून, केंब्रिजला आल्यापासून अवघ्या चौदा महिन्यांत, १९३९ साली त्यांनी पीएच.डी. मिळवली. विज्ञान शाखेत हा मान मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते.

परदेशात राहणे त्यांना सोपे होते, पण त्या त्याच वर्षी मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुखपद सांभाळले. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहायक संचालक म्हणून जीवनसत्त्वांवर संशोधन केले. १९४७ साली व्यवसायाने विमागणिती असलेल्या श्री. एम. व्ही. सोहोनी यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. येथील विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात त्यांच्या आयुष्यातील सर्वांत फलदायी पर्व सुरू झाले. आता त्या स्वतः गुरू झाल्या होत्या.

श्रीनिवासय्यांनी त्यांना जे दिले तेच त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना दिले : कठोर शिस्त, स्वतंत्र प्रश्न आणि आपल्या मातीशी नाते असलेला विषय. कच्च्या कडधान्यांत प्रथिनांच्या पचनाला अडथळा करणारे घटक असतात. पचनरसातील ट्रिप्सिन या विकराचे काम ते रोखतात. वालाच्या बियांतून असे घटक वेगळे करून त्यांचा अभ्यास त्यांच्या प्रयोगशाळेत झाला. महाराष्ट्रात ज्याला वाल किंवा पावटा म्हणतात तोच बंगळूरचा लाडका अवरेकाळू. शिजवल्याने या घटकांचा जोर बराच कमी होतो. मोड आणून, सोलून आणि उकडून उसळ करण्याच्या घरोघरच्या रीतीमागे किती शहाणपण आहे, हे अशा संशोधनातून लक्षात येते.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास हाती घेतला. ताडवर्गीय झाडांच्या ताज्या, न आंबलेल्या रसात जीवनसत्त्वे आणि लोह यांचा चांगला साठा असतो, आणि त्यापासून केलेल्या गुळातही तो टिकतो, हे त्यांनी सिद्ध केले. आदिवासी समाजातील कुपोषित मुलांच्या आणि गर्भवती स्त्रियांच्या आहारात नीरेचा समावेश केल्यावर त्यांची प्रकृती सुधारल्याचे आढळले. या कार्याबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्काराने गौरवण्यात आले. आरे दुग्ध प्रकल्पालाही दुधाच्या दर्जाबाबत त्यांचा सल्ला लाभला.

एवढे कर्तृत्व असूनही अन्याय संपला नव्हता. विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांना पात्रता असूनही सुमारे चार वर्षे उशिरा मिळाले. तरुणपणी दाराशी अडवणारी वृत्ती पन्नाशीतही वेगळ्या रूपाने समोर आली होती. त्यांनी ती कामानेच मागे सारली. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांच्या हितासाठी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था सुरू केली, त्यांत कमलाबाई होत्या. पुढे त्या संस्थेच्या अध्यक्षही झाल्या. अन्नातील भेसळ गृहिणीला ओळखता यावी म्हणून संस्थेच्या मासिकातून त्यांनी सातत्याने लेखन केले. प्रयोगशाळेतील ज्ञान स्वयंपाकघरापर्यंत गेले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. जी. व्ही. सत्यवती यांच्या पुढाकाराने दिल्लीत कमलाबाईंचा सत्कार आयोजित करण्यात आला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत, २८ जून १९९८ रोजी, त्यांचे निधन झाले. एका स्त्री शास्त्रज्ञेने दुसरीच्या कार्याची आठवण ठेवली आणि देशाला करून दिली, हा या जीवनाचा शेवट अर्थपूर्ण आहे.

या चरित्रातून पालकांनी आणि शिक्षकांनी घेण्यासारखे पुष्कळ आहे. कमलाबाईंजवळ बुद्धी होती आणि धैर्य होते. पण सोबतीला कार्यालयापर्यंत येणारे वडील आणि काका होते, पहाटे पाचला कामाला लावणारा गुरू होता, आपले मेज दिवसा रिकामे करून देणारा सहकारी होता. मुलींनी विज्ञानाकडे वळावे असे केवळ म्हटल्याने त्या वळत नाहीत. त्यांना एखादा खरा प्रश्न हाती द्यावा लागतो, तो सोडवण्यास वेळ आणि जागा द्यावी लागते, चुकल्यावर पुन्हा प्रयोग करू द्यावा लागतो, आणि रात्री उशिरा प्रयोगशाळेतून परतणाऱ्या मुलीकडे घराने अभिमानाने पाहावे लागते. यांतील बरेचसे शाळेच्या आणि घराच्या आवाक्यातले आहे. हीरकमहोत्सवी वर्षात ज्या मुली शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेत पहिली परीक्षानळी हाती धरतील, त्यांच्यासाठी कमलाबाईंनी दार कधीच उघडून ठेवले आहे. आत त्यांची वाट पाहणारा एक श्रीनिवासय्या असावा, ही जबाबदारी मोठ्यांची आहे. डॉ. कमला सोहोनी यांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन.